गोगलगाईच्या पोटात

संक्रांतीला काळं नेसतात हे मालिनीबाईंना कळत्या वयापासून ठाऊक होतं. पण काळ्या चंद्रकळेवर नवऱ्याचं जाड जाकीट आणि पायांत सुनेचे लोकरी मोजे अशा थाटात हळदीकुंकू करावं लागेल, हे त्यांच्या पत्रिकेत कुणी वाचलं नव्हतं. घर गारठलं होतं. जुना तेलाचा बॉयलर गेल्या आठवड्यात तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडला होता. नवा तळघरात उभा होता खरा, पण अजून पेटला नव्हता. तोवर विजेचे दोन हीटर या खोलीतून त्या खोलीत फिरत होते आणि त्यांच्या मागोमाग घरातली माणसं.

देवश्रीने आज कचेरीतून उरलाउब, म्हणजे रजा, घेतली होती. ओट्याशी उभी राहून ती लाडू ताटात मांडत होती आणि सासूबाईंची शोधाशोध बघत होती. ओटीसाठी म्हणून श्टुटगार्टच्या दुकानातून आणलेला नारळ सापडत नव्हता. मालिनीबाईंनी फ्रीज पाहिला, कपाट पाहिलं, नातीचं दप्तरसुद्धा पाहिलं. नारळाला काय पाय फुटतात का, असं म्हणत त्या पुन्हा फ्रीजपाशी आल्या. शेवटी, विसरला असेल दुकानात, असं म्हणून त्यांनी खापर मुलाच्या डोक्यावर फोडलं आणि मोकळ्या झाल्या.

हा मुलगा म्हणजे हृषिकेश, देवश्रीचा नवरा. आजचा सगळा घाट त्याच्यासाठी होता. श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेन गावात या उतारावर सहा घरं एकमेकांना खांदे टेकून उभी आहेत, आणि सहाही तळघरांत म्हातारे तेलाचे बॉयलर खोकत होते. हृषिकेशचं म्हणणं असं, की सहा म्हातारे काढावेत आणि सहा घरांत मिळून एकच नवा बसवावा, तोही लाकडाच्या पेलेटवर चालणारा. करवतीच्या कारखान्यांत उरणारा भुसा दाबून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या करतात, त्या पेलेट. या देशात हे काही अगदी नवं नव्हतं. पण या उतारावर ते कुणी आणलं नव्हतं आणि शेजाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. साठवायचं कुठे, राख कोण काढणार, आणि ऐन थंडीत बंद पडलं तर धावून कोण येणार, हे प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत. म्हणून त्याने बॉयलर आधी आपल्याच तळघरात बसवला. आज दुपारी चारला शेजाऱ्यांसमोर तो पहिल्यांदा पेटायचा होता. ते हो म्हणाले, तर हृषिकेशच्या चिमुकल्या कंपनीला पहिलं काम मिळणार होतं. नाही म्हणाले, तर परवा त्याला जुन्या साहेबांना होकार कळवावा लागणार होता.

ते जुने साहेब याच गावातल्या मोठ्या कंपनीतले. दोन वर्षांपूर्वी हृषिकेशने तिथली पक्की नोकरी सोडली, तेव्हा पुण्याहून त्याच्या वडिलांचा, पद्माकररावांचा फोन आला होता. 'तुझ्या डोक्यात भुसा भरलाय,' एवढंच ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर बाप आणि मुलगा एकमेकांशी थेट बोललेले नव्हते. पंधरवड्यापूर्वी दोघं म्हातारे इथे आले, एका टेबलावर जेवायला लागले, तरी गाडं तिथेच. 'त्याला विचार, वरण हवंय का.' 'त्यांना सांग, टोपी घालून बाहेर पडा.' निरोप्याचं काम मालिनीबाई करत, त्या दमल्या की देवश्री करी. एकदा तर दहा वर्षांच्या नातीवर, मैत्रेयीवर, ती पाळी आली. तिने 'वारूम?', म्हणजे का, असं विचारून दोघांनाही गप्प केलं. 

सासऱ्यांच्या रागात नोकरीपेक्षा खोल काहीतरी आहे, हे देवश्रीला मालिनीबाईंनी सांगितलं होतं. पद्माकरराव लहान असताना त्यांच्या घरी स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. त्यांचे वडील, अण्णा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचे, मग अलगद बाटली उपसायची, की शेगडी तयार. भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं डोक्यावरून आणायचं काम पद्माकरचं. भुसा मानेतून पाठीवर उतरे, केसांत बसे, आणि शाळेतली पोरं त्याला 'भुशा' म्हणून हाका मारत. मोठेपणी ते तेलाच्या कंपनीत लागले ते डेपोचे प्रमुख होऊन निवृत्त झाले. भुशातून तेलात, ही त्या घराण्याची चढण होती. आणि मुलगा जर्मनीपर्यंत जाऊन, शिकूनसवरून, तेलाचा बॉयलर काढून भुशाचा बसवत होता.

कालच पेलेटचा टँकर आला होता. माणसाने जाडजूड नळी तळघराच्या खिडकीला जोडली आणि लाकूड वाऱ्यासारखं आत वाहायला लागलं. टनांनी लाकूड, पण कुणी पाटी उचलली नाही की फावडं धरलं नाही. जिथे वर्षानुवर्षं तेलाची काळी टाकी होती त्या खोलीत बघता बघता पिवळसर, चकचकीत कांड्यांची टेकडी उभी राहिली, आणि ताज्या कापलेल्या देवदाराचा वास जिना चढून थेट स्वयंपाकघरात आला. देवश्री थक्क होऊन बघत राहिली होती. घरात जंगल येतंय, असं तिला वाटलं. पद्माकररावही बर्फात उभे राहून बघत होते. खाली सांडलेल्या मूठभर कांड्या त्यांनी उचलल्या, हुंगल्या, दोन बोटांत दाबून पाहिल्या, आणि कुणी बघत नाही असं समजून खिशात टाकल्या. देवश्रीने बघितलं होतं. पण ती काही बोलली नाही, कारण तिच्या स्वतःच्या मनात खोट होती.

खोट अशी, की चार दिवसांपूर्वी फिरायला गेल्यावर तिने सासऱ्यांपाशी मन मोकळं केलं होतं. हृषीच्या हौसेपायी एकटीच्या पगारावर घर ओढताना ती दमली होती. साहेब परत बोलावतायत, तुम्ही एकदा त्याच्याशी बोला, तुमचं ऐकेल तो, असं ती म्हणाली होती.  'बघतो,' पद्माकरराव म्हणाले.

त्या 'बघतो'नंतर त्यांनी काय बघितलं हे तिला कळलं नव्हतं, आणि विचारायचा धीरही झाला नव्हता.

दुपारी शेजारी यायला लागले. मालिनीबाईंनी दारातच प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं आणि हातात वाण दिलं. वाण ही त्यांचीच अक्कल. कापडाच्या इवल्या पिशव्या, आत पेलेट, वर लाल गोंड्याची नाडी. वाण लुटतात हे मी ऐकलंय, भुसा लुटलेला अजून ऐकला नव्हता, असं पद्माकरराव काल पुटपुटले होते. पण बायकोने ते कानाआड केलं. रांगेतल्या टोकाच्या घरातल्या फ्राउ ब्रॉइनिंग या सगळ्यांत वडील, विधवा, आणि त्यांच्या शब्दाला साऱ्या रांगेत वजन. हळदीकुंकू त्यांनाही लागलं. मालिनीबाईंच्या संक्रांतीत तो भेद नव्हता. बाईंनी पिशवीत डोकावून बघितलं आणि आनंदाने म्हणाल्या, हे तर आमच्या मांजरीच्या शीच्या पेटीत घालतो आम्ही. मैत्रेयीने त्याचं मराठी केल्यावर मालिनीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

सगळ्यात शेवटी धुराड्याची तपासणी करणारी बाई आली, फ्राउ श्टाइगर. धुराड्याला तिची मान्यता मिळाल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही, असा इथला कायदा. तिचा वेश डोक्यापासून पायापर्यंत काळा, फक्त बटणं तेवढी सोनेरी. शेजारी पुढे होऊन हळूच तिच्या बटणाला हात लावत होते, कारण तिची भेट इथे शुभ मानतात. मालिनीबाई बघतच राहिल्या. आज संक्रांत आहे हे हिला कोणी कळवलं, असं त्या अगदी मनापासून विचारत होत्या. मग त्यांनीही एका बटणाला हात लावला, तो हात डोळ्यांना लावला आणि तिला ठसठशीत कुंकू लावलं. काळ्या वेशातली ती गोरीपान बाई कुंकू मिरवत तळघरात उतरली.

खाली मंडळी अर्धगोल करून उभी राहिली. हृषिकेश समजावून सांगत होता. या खोलीत लाकूड, इथून ते नळीने या पेटीत येणार, पेटीच्या तळाशी ही श्नेके, ती हळूहळू फिरून कांड्या आत ढकलते. श्नेके म्हणजे काय, असं मालिनीबाईंनी नातीला विचारलं. 'आजी, गोगलगाय,' मैत्रेयीने सांगितलं, आणि बोटाने हवेत मळसूत्र काढून दाखवलं. आजच्या पहिल्या पेटवणीसाठी पेटीत रात्रीच थैलीभर कांड्या घालून ठेवल्यात, असंही हृषिकेश म्हणाला. हे बोलताना त्याचा चेहरा देवश्रीला अनोळखी वाटण्याइतका उजळला होता. नोकरीत होता तेव्हा असा चेहरा तिने एकदाही बघितला नव्हता.

फ्राउ श्टाइगरने धुराडं तपासून मान डोलावली. हृषिकेशने बटण दाबलं. आत पंखा घुमायला लागला. गोगलगाय एकदा फिरली, कण्हली, पुन्हा अर्धवट फिरली, आणि अडकली. यंत्राच्या पडद्यावर लाल दिवा लागला.

त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच कण्हणं, पुन्हा लाल. शेजारच्या घरातले हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर 'आल्झो...', तर मग, एवढंच म्हणाले, पण त्यात सगळं आलं. बाकीचे बुटांकडे बघायला लागले.

त्या क्षणी देवश्रीला काय वाटलं असेल, तर सुटका. संपलं, परवा होकार जाईल, पुन्हा दोन पगार येतील, असं तिच्या मनात आलं. आणि ते आलं म्हणून तिची तिलाच शरम वाटली. ती मान वळवायला गेली, तर जिन्याच्या पायरीवर पद्माकरराव उभे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हा चेहरा नुसत्या बघ्याचा नव्हता. यांना काहीतरी ठाऊक आहे, हे तिला लख्ख कळलं, आणि पाठोपाठ तो शब्द आठवला. बघतो.

आपण सांगितलं म्हणून यांनी हे केलं की काय? मुलाचं यंत्र बापाने बिघडवावं, आणि ते सुनेच्या सांगण्यावरून. असं काही घडलं असेल, तर या घरात पुन्हा कुणी कुणाच्या तोंडाकडे बघू शकणार नव्हतं.

वेळ मालिनीबाईंनी सांभाळली. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि त्यामुळे संकोचही नव्हता. लाडू, चहा, वर, एवढे तीन शब्द खुणांसकट बोलून त्यांनी सगळ्यांना जिन्याने वर हाकलून नेलं. पद्माकररावही मुकाट्याने वर गेले.

खाली दोघंच उरली. हृषिकेश जमिनीवर पालथा पडला, पेटीच्या पोटाखालचं झाकण उघडलं आणि हात आत घातला. बाहेर आला तो लापशीचा गोळा. त्या टणक, चकचकीत कांड्यांचा फुगून ओला, मऊ भुसा झाला होता. पेलेटला पाण्याचा थेंबही सोसत नाही, हे त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. आणि त्याच्याच पेटीत पाणी कसं आलं, हे त्याला समजेना. तळघराला ओल नव्हती, नळ नव्हता. तो एकेक मूठ उपसत होता, भुसा त्याच्या बाहीत, मानेत, केसांत जात होता. देवश्री बॅटरी धरून उभी होती आणि खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडायच्या बेतात होती.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

त्याच्या तळव्यावर तपकिरी केसांची एक बट होती, आणि तिच्यात अडकलेली बोटभर करवंटी.

देवश्रीने बॅटरी वर केली. पेटीचं वरचं झाकण पूर्ण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्याची एक भुजा वाकडी आली होती. खाली हळदीचे दोन ठिपके आणि चिकटलेल्या चार अक्षता.

पहाटे तळातून कुठूनसा ठक् असा आवाज आला होता, तो तिला आठवला. छपरावरून बर्फ घसरला असेल म्हणून ती कूस बदलून झोपली होती.

"आईने केलं?" हृषिकेशने विचारलं.

"आई सकाळपासून नारळ शोधतायत," देवश्री म्हणाली.

 ओल्या भुशाचा हात मांडीवर ठेवून तो स्वस्तिकाकडे बघत बसला. देवश्री त्याच्याकडे बघत होती. दोन वर्षं ज्याची वाट बघायचीही त्याने सोडून दिली होती, ते या लोखंडी झाकणाच्या आत पहाटेपासून काढून ठेवलेलं होतं.  सासऱ्यांबद्दल आपण काय काय समजलो, हे आठवून तिला बसल्या जागी त्यांची क्षमा मागावीशी वाटली.

जिन्यावर पावलं वाजली. पद्माकरराव उतरत होते. कोट काढला होता, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, हातात स्वयंपाकघरातली बादली. कुणी काही विचारायच्या आत ते मांडी घालून मुलासमोर बसले आणि पेटीत हात घालून भुसा उपसायला लागले. त्यांचा हात सरावाचा होता. कडेकडेने सैल करत, मग मधला गोळा एकदम उचलत. साठ वर्षांपूर्वी अण्णांच्या शेगडीचा डबा असाच रिकामा करत असतील, असं देवश्रीला वाटून गेलं.

"देवश्री, त्याला सांग," ते मान खाली घालूनच म्हणाले, "की मी बोलायला म्हणूनच आलो होतो पहाटे. तू म्हणाली होतीस ना, बोला. मला वाटलं तो खाली असेल. तो नव्हता. नुसतं हे होतं."

हृषिकेश हातभर अंतरावर होता. देवश्रीने निरोप पोचवला नाही, पोचवायची गरजही नव्हती.

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं ते असं. ते इथे एकटेच उभे राहिले. त्या टेकडीएवढ्या लाकडाचा वास येत होता, वखारीत यायचा तसाच. त्या वासाची त्यांना आयुष्यभर लाज वाटली होती, पण पहाटे वाटली नाही. एवढं मोठं यंत्र, आतलं सगळं पोराने उभं केलेलं, आणि त्याच्यापुढे कुणी एक नारळसुद्धा फोडलेला नाही. ते वर गेले आणि नारळ घेऊन आले. नोकरीत प्रत्येक नव्या टाकीवर, प्रत्येक टँकरवर त्यांनी स्वतः नारळ फोडला होता आणि पाणी वर शिंपडलं होतं. लोखंडावरून पाणी ओघळून जातं, काही होत नाही. ओला भुसा पेटत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण या कांड्या काचेसारख्या कडक, घोटभर पाण्याने त्यांचं काय होतंय, असं वाटलं, आणि हात सवयीने पुढे गेला.

"तेलातल्या माणसाने लाकडाला आशीर्वाद दिला," ते म्हणाले. "त्याला सांग, चूक झाली."

एवढ्यात मालिनीबाई काय चाललंय ते बघायला आल्या. त्यांनी बादली बघितली, नवऱ्याच्या बाह्या बघितल्या, मुलाच्या हातातली करवंटी बघितली, आणि त्यांच्या नारळाचा तपास एका दमात लागला.

"अहो, ते यंत्र राहू दे," त्या म्हणाल्या. "खरी गोगलगाय तुम्ही. गोगलगाय नि पोटात पाय."

 देवश्रीने बघितलं, की हृषिकेशचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय हे तिला त्याच्या पाठीवरून कळेना, आणि बहुधा त्यालाही कळत नसावं.

श्नेके कोरडी पुसून झाली, पेटीत नव्या कांड्या पडल्या. झाकणावरचं स्वस्तिक मात्र हृषिकेशने फडक्याच्या वाटेतून जपून बाजूला ठेवलं. मग शेजाऱ्यांना पुन्हा खाली बोलावलं. त्याने त्यांना खरं ते सांगितलं. आमच्याकडे नव्या यंत्रापुढे नारळ फोडतात, माझ्या वडिलांनी तो फोडला, पाणी आत गेलं, आता सगळं साफ केलंय. फ्राउ श्टाइगरने सगळं ऐकून घेतलं, पेटीत डोकावून पाहिलं, आणि कपाळावर कुंकू असलेल्या बाईच्या अधिकाराने 'गेनाऊ', अगदी बरोबर, असं म्हणाली.

त्याने बटण दाबलं. पंखा घुमला. गोगलगाय कण्हली नाही, सावकाश फिरायला लागली, आणि कांड्या टिपटिप आत पडत गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग बराच वेळ काहीच घडलं नाही.  मैत्रेयीने आजीचा हात धरला होता. बॉयलरच्या दाराला तळहाताएवढी काच होती, तिच्यात आधी धूर दाटला, मग धुरात एक लाल ठिपका दिसला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आख्खी काच सोनेरी झाली.

काडी कुणी ओढली नव्हती, फुंकर कुणी घातली नव्हती. देवश्रीने आयुष्यात पुष्कळ यंत्रं बघितली होती, तिचं पोटच यंत्रांवर चालत होतं. पण हे बघताना तिचे हात आपोआप जुळले आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुठल्याशा डोंगरउतारावर उभ्या असलेल्या झाडांनी वर्षानुवर्षं ऊन साठवलं होतं, आणि ते आता तिच्या तळघरात मोकळं होत होतं. मालिनीबाईंनी पदर सावरून त्या काचेला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागे फ्राउ ब्रॉइनिंगही थोड्या वाकल्या, बघायला की आणखी कशाला, ते त्यांनाच माहीत.

हळूहळू नळ्यांतून कुजबुजल्यासारखा आवाज वर गेला. देवश्रीने नळीवर हात ठेवला. नळी कोमट होती, मग ऊन झाली. वरच्या खोल्यांतून आठवडाभर साचलेली थंडी आता निघेल, मैत्रेयी आज जाकिटाशिवाय झोपेल, एवढा साधा विचार तिच्या मनात आला आणि तिला रडू फुटलं. ती नवऱ्याच्या कानाशी लागली आणि म्हणाली, परवा साहेबांना नाही म्हणून सांग. त्याने तिच्याकडे बघितलं. खरंच सांग, ती म्हणाली, मी ओढेन अजून.

फ्राउ ब्रॉइनिंगनी शेवटी बोलायला घेतलं, तेव्हा सगळे गप्प झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्र आहे, ते बंद पडायचंच. त्यांच्या तेलाच्या बॉयलरला माणूस बोलवायचा तर आठवडा जातो. इथे बंद पडल्यावर लाडू संपायच्या आत दुरुस्त झालं, आणि दुरुस्त करणारा तीन दारं सोडून राहतो. हो, त्या म्हणाल्या, माझं घर यात धरा. हेर लिंडनरनी पुन्हा एकदा 'आल्झो' म्हटलं, पण या खेपेचं 'आल्झो' वेगळं होतं. ते खर्चाचं विचारायला लागले, आणि ज्याला नको असतं तो खर्च विचारत नाही.

मंडळी वर गेली. बायकांना वाणाच्या पिशव्या आठवल्या, त्या शोधायची वरती गडबड उडाली. खाली काचेसमोर पद्माकरराव एकटेच वाकून उभे होते. आतला प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. दिवसभराच्या दगदगीनंतर हृषिकेश भिंतीला टेकून बसला होता. देवश्री झाकपाक करत होती.

"भुसाच आहे हा," पद्माकरराव काचेकडे बघत म्हणाले. "पण अण्णांच्या शेगडीला एवढा धूर व्हायचा की आईचे डोळे गेले त्यात. इथे धूर कुठाय? बघ ना, कसा जळतोय. सोन्यासारखा." आणि मग सवयीने, "देवश्री, त्याला सांग—"

"मी नाही सांगणार, बाबा," देवश्री म्हणाली. "आज गोड बोलायचा दिवस आहे. तुमचं तुम्ही बोला."

पद्माकरराव सरळ उभे राहिले. खिशात हात घातला, तर लाडवाबरोबर कालच्या दोन कांड्याही बाहेर आल्या. त्या त्यांनी परत खिशात ठेवल्या आणि लाडू मुलाच्या हातावर ठेवला.  दोन वर्षं बंद असलेलं दार कुठून ढकलायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या मानेत, भुवयांवर आणि सगळ्यात जास्त केसांत तो ओला, पिवळा भुसा बसला होता. पोतं डोक्यावरून आणणाऱ्या पोराच्या बसतो तसा. त्यांचा हात पुढे गेला आणि मुलाच्या केसांवर टेकला.

"डोक्यात भुसा भरलाय तुझ्या," ते म्हणाले.

ते झटकायला लागले, तसा हृषिकेशने त्यांचा हात वरच्यावर धरला आणि तिथेच दाबून ठेवला.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला.